सुकतीचं आमंत्रण

परवा बोरिवलीत आमच्या कॉलेजसमोरचा रस्ता पुन्हा उकरला. मागच्या मार्चमध्ये उकरला होता, त्याच्या आधीच्या मार्चमध्येही. फुटपाथला लागून पिंपात डांबर उकळत होतं, तोंडाला फडकं बांधलेली दोन माणसं ते ढवळत होती आणि मुली ओढणी नाकाला लावून भराभर पुढे जात होत्या. मी थांबले. हातात शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचं वेळापत्रक होतं, नुकतंच नोटीस बोर्डावरून उतरवून घेतलेलं. तो जाड, घशाला चिकटणारा वास आला आणि माझ्या तळहातांना खाज सुटली.

मागच्या वर्षी याच दिवसांत माझे तळहात काळे होते. घासलेट लावलं, राखेने घासले, तरी रेषांमधलं काळं निघेना. पहिल्या पेपरला पर्यवेक्षक बाई माझ्या बाकापाशी उभ्या राहिल्या. माझ्या हातांकडे बघितलं आणि उत्तरपत्रिकेचं पान उलटून बघितलं, डाग पडलाय का म्हणून. "कसले हात गं हे?" मी म्हटलं, "डांबर आहे, मॅडम." "डांबर?" त्या पुढे गेल्या. जेट्टी बांधत होतो, हे सांगायचं राहून गेलं.

मला नीट रागावता येत नाही. राग येतो, पण तोंडापर्यंत पोचेतो त्याचा आवाज बारीक होतो आणि समोरचा म्हणतो, "काय? मोठ्याने बोल जरा." मग मी म्हणते, "काही नाही, सर." आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. टेबलापलीकडे जो कोणी बसलेला असेल त्याला सर म्हणायचं, एवढं मला शिक्षणातून आधी आलं. हे लिहितानाही जरा बिचकतेच आहे. पण डांबराचा वास नाकातून जाईना, म्हणून लिहून बघते.

आमचं घर गोराईला, खाडीच्या काठावरच्या पाखाडीत. चौदा-पंधरा घरं, टोकाला क्रूस आणि क्रूसाच्या पुढे चिखल. कॉलेजात पहिल्या वर्षी एकीने विचारलं होतं, "म्हणजे तुमचं घर सी-फेसिंग?" तिला मी हो म्हटलं. भरतीच्या वेळी ते खरंही असतं. पाणी क्रूसाच्या पायरीपर्यंत येतं, पापांची होडी दाराशी बांधल्यासारखी दिसते, पलीकडे बोरिवलीचे टॉवर पाण्यात उलटे उभे असतात. आणि मग ओहोटी. आमच्याकडे तिला सुकती म्हणतात. सुकतीला पाणी इतकं मागे जातं की मध्ये नुसता करडा, चकाकता रेंदा उरतो. त्या रेंद्यात पाय टाकायला काही कष्ट नाहीत, तो आपोआप गुडघ्यापर्यंत जातो. कष्ट तो काढण्याचे. डोक्यावर मासळीची पाटी, त्यातून मानेवर गळणारं गार पाणी, आणि एकेक पाय हातभर वर ओढून पुढे टाकायचा. अशी शंभर पावलं. माझी आई लग्न होऊन आली तेव्हापासून ती शंभर पावलं चालत होती. पापा होडी सांभाळणार, आई मासळी काठावर आणणार, अशी त्यांची वाटणी.

दोन वर्षांपूर्वी तिचा पाय रेंद्यात रुतला आणि पाटीसकट ती वळली. पाय तिथेच राहिला, ती वळली. गुडघ्यातून आवाज आला म्हणाली, ओलं लाकूड मोडतं तसा. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, "चिखलात चालणं बंद. कायमचं. पुन्हा असं झालं तर ऑपरेशन, आणि मग पाटी विसरा." आई "बरं" म्हणाली. पट्टा बांधून पंधरा दिवस घरात बसली. सोळाव्या दिवशी सकाळी चुलीपाशी बसून पापांना विचारते, "सुकती कवा हाय आज?"

जेट्टी मागायचे अर्ज माझ्या जन्माच्या आधीपासून जात होते. मी अकरावीला गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. "सेली लिहील, ती शिकतेय," पाखाडीत सगळे म्हणायचे. मीही हौसेने लिहायचे. 'महोदय' लिहून खाली रेघ मारायची, समासात तारीख, शेवटी 'आपली विश्वासू'. अर्ज दिला की पोचेचा जांभळा शिक्का मिळायचा. त्या शिक्क्यांची एक फाइल झाली आमची. एका वर्षी उत्तर आलं, जेट्टी मंजूर! पास्कू काकांनी ते पत्र क्रूसापाशी वाचायला लावलं, मेणबत्त्या लागल्या. त्याला आता किती पावसाळे झाले. मंजूर जेट्टी कुठे आहे असं विचारायला गेलं की, "निधी आला की कळवू."

आईचा गुडघा बघून पापा एक दिवस म्हणाले, "निधीची वाट बघता बघता हिचा पाय जायचा. आपणच रोवू खांब."

पास्कू काका म्हणजे आमच्या शेजारचे, सत्तरी ओलांडलेले. उभी हयात त्यांनी डोल जाळ्यांचे खुंट रोवण्यात घालवली. डोल म्हणजे समुद्रात जागच्या जागी लावायचं जाळं. ते बांधायला तळात भले मोठे खुंट ठोकावे लागतात, भर पाण्यात, जिथे उभं राहायला जागा नसते. ते म्हणाले, "खांब आणा. रोवायचा कसा ते मना विचारा."

नवं लाकूड परवडणारं नव्हतं. पापांनी वादळात पडलेले ताड शोधले, गावातल्याच एका वाडीत. चार खांब त्यातून निघाले. बाकीचे मालाडच्या एका मांडववाल्याकडून, त्याच्या जुन्या बल्ल्या. कुठल्या कुठल्या लग्नांचे, उत्सवांचे मांडव त्यांनी पेललेले. एकीला अजून झिरमिळ्यांची दोरी चिकटलेली होती. काकांनी प्रत्येक बल्लीला कान लावून बोटाच्या पेराने टकटक केली. "ही जिती. ही मेलेली. ही जिती." मेलेल्या परत केल्या. आठ जित्या राहिल्या, ताडाचे धरून बारा खांब झाले. खाऱ्या पाण्यात एक किडा असतो, तो लाकूड आतून खातो आणि वरून काही कळू देत नाही. म्हणून खांबांना डांबराचे तीन हात दिले आणि पाणी जिथे खालीवर होतं तेवढ्या भागावर ड्रेनेजचे जुने प्लास्टिक पाइप चढवून मधल्या फटीत सिमेंट भरलं. डांबर लावायचं काम माझं आणि आईचं. परीक्षा तोंडावर होती. मी नोट्स कपड्यांच्या दोरीला चिमट्याने अडकवून वाचायचे आणि हाताने डांबर लावायचे. आई मधूनच म्हणायची, "मोठ्यानं वाच गं, मी पण पास होते."

जागा जुन्या दगडी पायरीच्या समोरची निवडली, तिथे तिवरं नव्हती. एकाही तिवराला हात लावला नाही. परवानगीचा अर्जही मी दिला होता. त्याचाही जांभळा शिक्का आहे.

आणि मग होळीची पौर्णिमा. आमच्या घरात क्रूस आहे, मारियेची तसबीर आहे, आणि तिच्या शेजारी तिथी असलेलं कॅलेंडर आहे. ईस्टरआधीच्या उपासकाळाचे दिवस आणि भरतीच्या तिथी आई एकाच पानावर बघते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, भर दुपारी पाणी सगळ्यात वर आणि संध्याकाळी सगळ्यात खाली. काकांना तेच हवं होतं.

मला वाटलं होतं हातोडा असेल, निदान घण. काकांनी दोन होड्या मागवल्या. भर भरतीत दोन होड्यांच्या मध्ये खांब उभा केला, आडवा वासा टाकून तो दोन्ही होड्यांना करकचून बांधला. होड्यांत रेतीच्या गोण्या, आणि गोण्यांवर पाखाडीतली माणसं. खांबाच्या डोक्याला दोन दोर, एक काठावर, एक पलीकडे नांगरलेल्या पापांच्या होडीत. आणि मग काका बिडी पेटवून बसले.

"आता?" मी विचारलं.

"आता बस."

"पण ठोकायचं कधी?"

"बाय गो, पाणी उतरतंय ना, तोच हातोडा."

आणि खरंच. पाणी उतरत गेलं तशा होड्या खाली जाऊ बघायच्या, पण त्या खांबाला बांधलेल्या. त्यांचं सगळं वजन हळूहळू खांबावर लटकायला लागलं. लाकूड करकरलं. काका ओरडले, "हलव!" आणि काठावरून आम्ही ओढायचं, मग पलीकडून त्यांनी ओढायचं, की खांब डुलायचा आणि रेंदा त्याला वाट द्यायचा. वीतभर. मग पुन्हा बसायचं. संध्याकाळी पाणी गेलं तेव्हा खांब माणसापेक्षा खोल गेला होता आणि होड्या रेंद्यावर अलगद बसल्या होत्या. घणाचा एकही घाव न घालता. मी विज्ञान शाखेची मुलगी; बल, वस्तुमान, सगळं पाठ. पण ओहोटीला कामाला लावता येतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझी नोट्सची वही त्या दिवशी पाण्यात पडली. वाईटही वाटलं नाही.

सहा दिवसांत सहा जोड्या बसल्या. रोज एक, एक खांब दुपारच्या उतरत्या पाण्यावर, दुसरा मध्यरात्रीच्या. मग उधाण ओसरलं आणि खांबही संपले. त्यावर जुन्या होडीच्या फळ्या. शेवटच्या जोडीला शिडी. शंभर पावलांतली साठ लाकडावर आली, चाळीस रेंद्यात राहिली. पापा शिडीवर उभं राहून पुढच्या चाळीस पावलांकडे बघत म्हणाले, "एवढं तरी सरकार करेल. साठ आपण केली, चाळीस त्यांनी करावी." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच वाटत होतं त्यांना तसं. आईचं निम्म्याहून जास्त चालणं वाचलं होतं. पाणी शिडीपर्यंत असताना ती होडीतून उतरली, पहिल्यांदा फळ्यांवरून कोरड्या पायाने आली, पाटी उतरवली आणि स्वतःच्या तळव्यांकडे बघून हसली.

इथपर्यंत मला राग आठवत नाही. पुढचं मात्र आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

पापा कार्यालयात गेले. का गेले? सांगायला! आम्ही एवढं केलं, उरलेलं करा, म्हणून. तिथले एक साहेब, सभ्य, शर्ट नीट खोचलेला, म्हणाले, "अरे वा. बघायला यायला पाहिजे. कधी येऊ?"

आता आमच्याकडे एक रीत आहे. कुणी शिकवत नाही, ती असतेच. पाहुण्याला भरतीला बोलवायचं. सोयरीक बघायला येणारे, बारशाला येणारे, फादर, सगळे भरतीला. सुकतीला बोलावणं म्हणजे पाहुण्याला चिखल तुडवायला लावणं, असा अपमान कोण करील? पापांनी बोटांवर तिथ्या मोजल्या आणि म्हणाले, "शनिवारी या, साहेब. अमावास्या आहे, बाराच्या सुमारास."

"अमावास्येला?" साहेब दचकले.

"आमच्याकडे अमावास्या चांगली, साहेब. पाणी वर असतं. बूट भिजणार नाहीत तुमचे."

बूट भिजले नाहीत. साहेब आले तेव्हा खाडी तुडुंब होती. जेट्टीच्या दोन्ही बाजूंना पाणी, शिडीच्या दोन पायऱ्याच वर, पापांची होडी तिला टेकून डुलत होती. उरलेली चाळीस पावलं पाण्याखाली. बरोबरच्या माणसाने फोटो काढले. मी मागून ते मोबाइलवर बघितले. इतकी सुंदर जेट्टी मी स्वतः कधी बघितली नव्हती. आईने बोंबील तळले होते. साहेबांनी दोनदा मागून घेतले. मग त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. "इथे शिकलेलं कोण आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सेली बी.एस्सी. करते," पापा म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

कागदावर लिहिलं होतं, 'सदर ठिकाणी जेट्टीचे काम पूर्णत्वास आले असून स्थानिक रहिवासी समाधानी आहेत.' मी वाचलं. खरंच वाचलं, घाईने का होईना. पूर्णत्वास म्हणजे फळ्या बसल्या, असं मला वाटलं. आणि समाधानी तर आम्ही होतोच. आई कोरड्या पायाने घरी आली होती. साहेब हसत म्हणाले, "मार्च एंड आहे, जरा लवकर." सोमवारी माझा पेपर होता. पापांचा हात पाठीवर होता. मी सही केली, आणि सहीखाली माझ्या अंगठ्याचा काळा डाग पडला, डांबराचा.

पेपर संपले. मे महिन्यात क्रूसासमोर दोन माणसं आली, खड्डे खणले, काँक्रीट ओतलं, लोखंडी पाइप रोवले आणि पत्र्याचा बोर्ड लावला. निळ्यावर पिवळी अक्षरं. कुणाच्या तरी अथक प्रयत्नांतून मच्छीमार जेट्टीचे काम पूर्ण, आणि कुणाचा तरी हसरा चेहरा. पास्कू काका बोर्डापाशी बराच वेळ उभे होते. चेहरा बघत असतील असं मला वाटलं. ते पाइप बघत होते. पेराने टकटक करून म्हणाले, "ह्या बोर्डाला काँक्रीट मिळालं. आमच्या खांबाना रेंदा."

पावसाळ्यानंतर मी पुन्हा अर्ज केला, उरलेल्या चाळीस पावलांसाठी. या वेळी उत्तर लवकर आलं. 'सदर ठिकाणी जेट्टी अस्तित्वात असल्याने व काम पूर्ण झाल्याबाबत रहिवाशांचे पत्र अभिलेखावर असल्याने आपली मागणी निकाली काढण्यात येत आहे.' सोबत त्या पत्राची प्रत. माझी सही. झेरॉक्समध्ये अंगठ्याचा डाग आणखी काळा आला होता.

मांडववाल्याच्या बल्ल्या, वादळातले ताड, ड्रेनेजचे पाइप, माझ्या आईचे हात, सत्तरीच्या म्हाताऱ्याची अक्कल. हे सगळं त्यांच्या कागदावर त्यांचं झालं होतं! मंजूर झालेली पक्की जेट्टी कुठे गेली, कुणी खाल्ली, मला माहीत नाही आणि पुराव्याशिवाय मी काही म्हणणार नाही. पण एवढं मला माहीत आहे की ती बांधली गेली नाही, आणि ती बांधली गेली असं मी लिहून दिलं. वर्गात आम्हाला शिकवतात, निरीक्षण करा, मग निष्कर्ष लिहा. मी निष्कर्षाखाली आधी सही केली.

घरी कुणी मला बोललं नाही. तेच जास्त लागलं. मी पापांना म्हटलं, "माझ्यामुळे झालं." ते जाळं शिवत होते. "तुझ्यामुळं कसं? भरतीला बोलावलं मी." आई म्हणाली, "आणि बोंबील तळले मी. घ्या, सगळेच चोर." तिला हसू आलं. मला नाही आलं. लोकांच्या चांगुलपणाचा असा कुणी उपयोग करून घ्यावा? आम्ही पाहुण्याचे बूट जपले, म्हणून आमचा चिखल कागदावरून पुसला गेला. आम्ही बावळट होतो म्हणायचं की काय? मी वर्षभर हे स्वतःला विचारते आहे. नाही. आम्ही बावळट नव्हतो. आम्ही यजमान होतो. त्यांनी पाहुणा व्हायला हवं होतं.

आता आईचा गुडघा पुन्हा सुजतो. त्या चाळीस पावलांनी. बारातला एक खांबही कलला आहे, डावीकडून चौथा. काका म्हणतात, आत किडा गेला. या होळीच्या उधाणाला तो बदलायचा होता. ताडाचा एक खांब अंगणात डांबर लावून तयार होता. आणि त्याच आठवड्यात, माझ्या चौथ्या पत्रानंतर, साहेबांचा फोन आला. "पाहणी हवी आहे ना तुम्हाला? मंगळवारी येतो. बाराच्या सुमारास, मागच्या वेळेसारखं."

मी कॅलेंडरकडे बघितलं. मंगळवारी पौर्णिमा. बाराला तुडुंब.

"नाही, सर," मी म्हटलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं 'नाही, सर' असावं. "शुक्रवारी या. चतुर्थी आहे. सकाळी दहाला."

"दहाला का?"

"तेव्हा दिसतं, सर."

घरात यावरून भांडण झालं. पापा म्हणाले, "बोलवू नये असं. पाहुण्याला सुकतीला?"  आई भाकरी उलटताना म्हणाली, "पाहुण्याला नका बोलवू. साहेबाला बोलवा." विषय संपला. पण पापांना ते पटलं नव्हतं हे दिसत होतं. शुक्रवारी पहाटे त्यांनी शिडीपाशी पाय धुवायला पाण्याची बादली आणून ठेवली. 

काल साहेब आले. एकटेच, तसाच खोचलेला शर्ट. साहेबांची संकष्टी, आईचा उपासकाळातला शुक्रवार. आईने केळी काढून ठेवली होती आणि पापांबरोबर पहाटेच होडीवर गेली होती. मी रात्री तिच्याशी वाद घातला होता. "तू नको चालूस. दाखवायचंच तर मी चालते." ती म्हणाली, "तू चाललीस तर त्याला चिखल दिसेल. मी चालले तर पाय दिसेल. तू कागद घेऊन उभी रहा."

साहेब फळ्यांवरून टोकापर्यंत आले आणि थांबले. समोर रेंदा. सकाळच्या उन्हात तो तव्यासारखा चमकत होता. पार पलीकडे पाण्याची बारीक रेघ, तिथे पापांची होडी. शिडीच्या सगळ्या पायऱ्या उघड्या, शेवटची पायरी चिखलात टेकलेली. साहेबांनी मागे वळून बघितलं, मग पुन्हा पुढे.

"मागच्या वेळी इथे पाणी होतं."

"हो, सर. येतं आणि जातं."

होडीतून आई उतरली. मांडीपर्यंत गेली, मग गुडघ्यापर्यंत आली. डोक्यावर पाटी. एक पाय. मग दुसरा. दुखरा पाय काढताना ती पाटीला एक हात लावते आणि दुसऱ्या हाताने आपलीच मांडी वर उचलते. तिचं हे चालणं मी लहानपणापासून बघत आले असं मला वाटायचं. काल उभं राहून पहिल्यांदा बघितलं. तो पाय निघताना चिखलाचा आवाज शिडीपर्यंत ऐकू येत होता. मध्ये एकदा ती डुलली. माझ्या हातातला कागद चुरगळला.

साहेबांनी रुमाल काढला. "बस, बस. आलं माझ्या लक्षात. थांबवा त्यांना."

"कुठे थांबवू, सर?" मी म्हटलं. "मध्येच थांबलं की माणूस आत जातो."

ते फळीवर बसले. फाइल गुडघ्यावर टेकवून लिहायला लागले. लिहून कागद माझ्यापुढे धरला. 'जेट्टीचे काम अंशतः पूर्ण.' खाली रहिवाशांच्या सहीसाठी रेघ.

"हे चालणार नाही," मी म्हटलं. "मंजूर जेट्टीचं काम सुरूच झालेलं नाही. ही आम्ही बांधली. स्वतः. आमच्या खांबांनी. असं लिहा. आणि मागचं पत्र चुकीचं होतं असंही लिहा."

"अगं, ते असं नाही लिहिता येत. फाइल वर जाते—"

"लिहिता येतं, सर. मला लिहिता आलं होतं. मार्च एंडला."

काठावर पास्कू काका उभे होते, आजूबाजूच्या दोन-चार बायका आल्या होत्या. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "जरा हळू बोल. लोक ऐकतायत."

हळू बोल. मला! 

त्यांनी पहिला कागद फाडला. दुसरा घेतला, आणि या वेळी बराच वेळ लिहीत होते. तोवर आई शिडीशी पोचली. पापांनी मागून येऊन पाटी घेतली. ती एकेक पायरी चढून वर आली, मांडीपर्यंत करडी, बादलीतल्या पाण्याने आधी हात धुतले आणि ते पदराला पुसत साहेबांना म्हणाली, "केळी ठेवलीत घरात. उपास हाय ना तुमचा?" मग माझ्याकडे वळली.

"केलीस सही?"

"थांब गं," मी म्हटलं. "वाचतेय अजून."